एकाच टबात धुतलेल्या प्लेटा

सुरुवातीलाच माफी मागतो. या अंकात आपल्या कामाविषयी लिहिणाऱ्या माणसांची तीस-पस्तीस वर्षं त्या कामात गेलेली असतात. माझी पाच झाली आहेत. त्यातली तीन पूर्णवेळ, आणि डिप्लोमाला प्रवेश घेतल्यापासूनची दोन फक्त शनिवार-रविवारची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लेख कसा सुरू करावा हे विचारायलाही कुणी नाही. संपादक सर म्हणाले, ‘जे केलंस ते लिही.’ जे केलं त्यात सांगण्यासारखी एक चूक आहे. तीच लिहितो.

मी गजू, आयटीआयचा वेल्डर. गाव हदगाव तालुक्यातलं. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला रज्जाकभाईंचं पत्र्याचं शेड आहे, तिथे मी कामाला लागलो. रज्जाकभाईंना सगळे उस्ताद म्हणतात. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. ट्रॉली म्हणजे खाली दोन लांब लोखंडी चॅनल, त्यांना आडवा एक्सल, दोन चाकं, वर पत्र्याचा हौदा आणि पुढे ट्रॅक्टरला अडकवायचा हुक. ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली थांबते असं सगळेच धरून चालतात. या कामात तीन गोष्टी जपायच्या: चॅनल सरळ हवा, एक्सल बरोबर मध्यात हवा, आणि वेल्डिंग आतपर्यंत उतरलेलं हवं. बाकीचं रंग झाकतो.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची येतात. धर्माबादचे एक आडते आले आणि म्हणाले, भावाच्या ट्रॉलीपेक्षा माझी एक बोट उंच करा. केली. पंधरा दिवसांनी भाऊ आला, त्याला दोन बोटं उंच हवी होती. तीही केली. उस्ताद म्हणाले, “तिसरा भाऊ न्हाई ते बरं हाय. न्हाईतर शिडी लावून पोती भरावी लागली असती.”

दुसऱ्या एक बाई आठवतात. नवऱ्याबरोबर ट्रॉली बघायला आल्या. नवरा रंग बघत होता. बाईंनी खालचा एक दगड उचलला आणि एकेका जोडावर मारत गेल्या. एका ठिकाणी आवाज पोकळ आला.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

ते मी केलं होतं. मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणाले, “मी केलं, बाई. माझंच चुकलं. आत्ता करून देतो.”

बाई गेल्यावर मी म्हणालो, “उस्ताद, तो जोड माझा होता.”

“माहीत हाय मला. पण बोर्डावर तुझं नाव न्हाई, माझं हाय.”

तेव्हा मला हे मोठेपण वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की त्या शेडमध्ये चूक कुणाचीही असली तरी ती गिऱ्हाइकाला सांगायचं काम माझं नव्हतं, आणि मला त्याची सवय लागली.

मागच्या हिवाळ्यात लातूरचे एक निवृत्त प्राध्यापक आले. भूगोल शिकवायचे. आम्ही त्यांना सरच म्हणत होतो. त्यांच्याबरोबर पुतण्या माधव होता आणि मागे एका ट्रकवर एक विचित्र वस्तू होती. पाण्याच्या टाकीसारख्या फायबरचं, अंड्यासारखं गोल, पिवळट पडलेलं चिमुकलं घर. दोन चाकांवर, दोन खिडक्या, एक दार. आत दोन बाकं, ती उघडली की बिछाने होतात.

उस्तादांनी भोवती एक चक्कर मारली. “सर, ह्याला काय म्हणायचं?”

“आम्ही डबा म्हणतो,” सर म्हणाले.

डब्याला स्वतःचं इंजिन नाही, जीपच्या मागे जोडून न्यायचा. चाळीस वर्षांपूर्वी एका धरणाच्या कामावर आलेला परदेशी इंजिनियर तो इथेच सोडून गेला आणि सरांनी विकत घेतला. विद्यार्थ्यांना खडक दाखवायला ते आणि त्यांची बायको डब्यातून हिंडायचे. नंतर तो बंगल्यामागे उभाच राहिला. फायबर शाबूत होतं, पण खालचं लोखंड गंजून त्याचे पापुद्रे सुटत होते. लातूरमध्ये तिघांनी काम घ्यायला नकार दिला होता.

“आता कशाला पाहिजे, सर?” उस्तादांनी विचारलं.

सरांच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं होतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त त्यांना बसवत नव्हतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, हिमायतनगरला असते. तिला प्रवास झेपत नाही. सहा वर्षांत दोघींची भेट नव्हती. फोनवर बोलावं तर अक्काला ऐकू येत नाही. सरांनी हिशेब केला होता: अर्धा तास जीपमध्ये बसायचं, मग रस्त्याकडेला थांबून डब्यात तासभर आडवं व्हायचं, पुन्हा अर्धा तास. असं दोन दिवसांत लातूरहून हिमायतनगर गाठायचं.

“रुग्णवाहिका न्हाई का घेता येणार?” मी विचारलं.

“ती म्हणते, दारात रुग्णवाहिका उभी राहिली तर अक्का मला बघायच्या आधीच घाबरून जाईल.”

उस्तादांनी काम घेतलं.

आधी फायबरचं कवच फ्रेमवरून सुटं करायचं होतं. चाळीस वर्षांचे गंजलेले बोल्ट पान्याला दाद देत नव्हते, ते कापावे लागले. मग शेजारच्या चहाच्या टपरीवरून आठ माणसं बोलावली. सगळ्यांनी जोर लावायची तयारी केली आणि कवच इतकं हलकं निघालं की दोघे तोल जाऊन मागे बसले. ते पत्र्याच्या पिंपांवर ठेवलं आणि खालची फ्रेम उघडी पडली.

तो दिवस मला आवडला होता. पन्नास-शंभर ट्रॉल्या सारख्याच केल्यावर एखादी वेगळी रचना समोर येते तेव्हा ती कुणीतरी विचार करून केली आहे हे कळतं. वरून चांगला दिसणारा चॅनल आतून खाल्लेला होता, कारण पाणी तिथे साचायचं. हातोडी मारली की आवाज मऊ यायचा. डावीकडचा चॅनल पूर्ण बदलला, उजवीकडचा निम्मा. पुढच्या दांड्याला जुनी चीर होती, ती कुणीतरी वरवर वेल्ड मारून बुजवली होती. ती कापून नवा तुकडा घातला. फ्रेम काटकोनात आहे का हे बघायला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि दोन्ही मापं सारखी येतात का ते पाहायचं. पहिल्यांदा बोटभर फरक आला. दोन दिवस ठोकपीट करून तो काढला.

एक्सल उस्तादांना वाकलेला वाटला. मध्ये किंचित वर उचललेला होता. ते म्हणाले, प्रेसखाली घालून सरळ करू. मी जरा चाचरतच म्हणालो, “उस्ताद, तो मुद्दामच तसा ठेवतात. वजन पडलं की सरळ होतो. पुस्तकात हाय.”

“पुस्तकात हाय का?” त्यांनी एका डोळ्याने एक्सलच्या टोकाकडून टोकाकडे पाहिलं. “मग राहू दे. आलं इंजिनियर साबांचं पुस्तक कामाला.”

सगळ्यांसमोर बोलले. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्यानंतर मी जरा हवेत होतो.

मग ब्रेक. आमच्या शेडमध्ये ब्रेक असलेलं हे पहिलंच काम. डब्याचा ब्रेक कुणी पायाने दाबत नाही. जीप थांबू लागली की मागचा डबा पुढे रेटतो. त्या रेट्याने जोडणीचा दांडा आत सरकतो, एक वायर ताणली जाते, आणि चाकाच्या ड्रममधले ब्रेक-शू फाकून ड्रमला घट्ट धरतात. म्हणजे डबा स्वतःच्याच धक्क्याने थांबतो. शू ज्या गोल प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट चार बोल्टांनी एक्सलच्या टोकाला लागते. प्रत्येक चाकाला एक.

मी दोन्ही प्लेटा काढल्या. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला, कारण कॉलेजात सेमिनारला हाच विषय घ्यायचं मी ठरवलं होतं. मग दोन्ही प्लेटा केरोसिनच्या एकाच टबात टाकल्या, ब्रशने घासल्या, आणि उन्हात शेजारी शेजारी वाळत ठेवल्या.

चूक इथे झाली. ट्रॉलीच्या कामात आम्ही दोन्ही चाकांचे हब आणि बेअरिंग असेच एका टबात धुतो. दोन्ही बाजूंचे सारखेच असतात, कुठलाही कुठेही बसतो. डावं-उजवं ही गोष्ट आमच्या शेडमध्ये नव्हतीच. प्लेटाही मला सारख्याच दिसल्या. चार बोल्ट, चार भोकं. बसल्या.

चाचणी घेतली. डबा भिंतीला लागून उभा होता, म्हणून डाव्या बाजूचं एकच चाक जॅकवर उचललं. मी उजव्या हाताने ते जोरात फिरवलं, उस्तादांनी पुढचा दांडा आत रेटला. चाक जागच्या जागी थांबलं. “बस्स!” उस्ताद म्हणाले. टपरीवरून सगळ्यांना चहा आला.

माधव न्यायला आला तेव्हा वळवण्यासाठी जीप मागे घेतली, तर डबा अडूनच बसला. टायर घसटत गेले. उस्ताद हसून म्हणाले, “नवा ब्रेक हाय. लई इमानदार हाय, सोडंना.” मग आम्ही जीपपासून सोडवून डबा हातांनीच बाहेर ओढला आणि पुन्हा जोडून दिला. मीही हसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, माधवचा लातूरहून फोन आला. “उस्ताद, उतारावर डबा मागून ढकलून राहिला होता.”

“ब्रेकचे लायनर नवीन हायेत, बसायला येळ लागतो,” उस्तादांनी सांगितलं.

मी शेजारीच उभा होतो. मला काहीतरी खटकलं. काय ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो.

पुढच्या शुक्रवारी कॉलेजच्या ग्रंथालयात सेमिनारची तयारी करत बसलो होतो. पुस्तकात आकृती होती आणि तिच्याखाली चार ओळी होत्या. जीप मागे घेताना डब्याला ढकलणारच, मग त्या रेट्याने ब्रेक लागून डबा अडेल. ते टाळायला आतला एक शू सरकता ठेवलेला असतो. चाक पुढे फिरताना तो धरतो, मागे फिरताना सरकून सोडून देतो. म्हणून डावी प्लेट डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच लावायची. अदलाबदल झाली तर मागे जाताना ब्रेक धरेल आणि पुढे जाताना सोडून देईल.

मी मोबाईल काढला. प्लेटा काढण्याआधीचा फोटो आणि त्या परत लावल्यावर, ड्रम बसवायच्या आधी घेतलेला फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही डाव्या चाकाचे. सरकता शू एकात एका बाजूला होता, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. मग आठवलं, डाव्या चाकासमोर उभं राहून उजव्या हाताने चाक खाली ओढलं की ते उलटं फिरतं. मी ब्रेक तपासला होता तो मागे जाणाऱ्या गाडीचा.

शनिवारी पहाटे सर निघणार होते. हे मला ठाऊक होतं.

मी लगेच फोन केला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सुमारे अर्धा तास मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. उस्तादांना सांगितलं तर सगळ्यांसमोर माझी काय किंमत राहील, याचा मी त्यातला बराच वेळ विचार केला. भोकरच्या पुढे रस्त्याला वळणं आणि उतार आहेत, त्याचा विचार नंतर आला. क्रम असाच होता.

मग शेडवर गेलो आणि उस्तादांना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“धुतल्या कुणी?”

“मीच.”

“एका टबात?”

“हाव.”

“एक्सल वाकडा न्हाई हे पुस्तकात दिसलं, आन् हे न्हाई दिसलं का रे?” एवढंच म्हणाले आणि माधवला फोन लावला. “कुठं हाव?”

पलीकडून माधव म्हणाला, “लोह्याच्या अलीकडं, उस्ताद. काकूंना आज बरं वाटून राहिलं होतं, म्हणून एक दिवस आधीच निघालो.”

“हॉटेल-बिटेल दिसतंय का?”

“समोरच हाय.”

“तिथंच थांब. जीप हलवायची न्हाई. आम्ही यायलोय.”

मोटारसायकलवर मागे जॅक आणि पान्यांची पिशवी घेऊन मी बसलो. वाटेत उस्ताद एकदाच बोलले. “सरांशी मी बोलतो. तू फक्त काम कर.”

हॉटेलच्या आवारात कडुलिंबाखाली डबा उभा होता. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, डब्यात आडव्या झाल्या होत्या. उस्तादांनी सरांना सलाम केला. “सर, लांबचा प्रवास हाय, म्हटलं एकदा सर्व्हिसिंग करून द्यावी. आमच्याकडं रिवाजच हाय.”

सर म्हणाले, “एवढ्या लांब आलात त्यासाठी?”

“कामाचा सवाल हाय ना, सर.”

डबा जॅकवर घ्यायचा म्हणून बाईंना बाहेर यावं लागलं. हॉटेलवाल्याने बाज आणून टाकली. उस्ताद सरांना घेऊन चहाला आत गेले, माधव जीपमधलं सामान नीट लावत होता. मी चाकं काढली, ड्रम काढले, प्लेटा सोडवल्या. बाई बाजेवर कुशीला वळून माझ्याकडेच बघत होत्या.

“ही डावीकडची उजवीकडे का नेलीस रे?” त्यांनी विचारलं.

माझ्या हातात प्लेट होती. सर्व्हिसिंग आहे, असं म्हणता आलं असतं. उस्तादांनी रस्ता करून ठेवला होता.

“बाई, मी उलट्या लावल्या होत्या,” मी म्हणालो. “दोन्ही एकत्र धुतल्या आणि बदलल्या. उतारावर ब्रेक लागला नसता. कालपर्यंत मला कळलंच नव्हतं. आज कळलं.”

त्यांनी काढलेल्या दोन्ही चाकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे लातूरपासून इथपर्यंत आम्ही तसेच आलो.”

“हाव.”

“उस्तादांना माहीत आहे?”

“मीच सांगितलं त्यांना. ते दुकानाच्या नावासाठी…”

“बरं, बरं.” त्यांनी हाताने मला थांबवलं. “मी शिवणाच्या क्लासला जायचे. पहिल्या महिन्यात दोन ब्लाउज शिवले. दोन्हींच्या बाह्या उलट्या, डावी उजवीकडे. दिसायला छान. घातला की हात वर होईना.”

मला हसू आलं, पण हसावं की नाही ते कळेना.

“मग काय केलं, बाई?”

“काय करणार? उसवलं. आणि पुढे कापड कापायच्या आधीच खडूनं लिहायला लागले. डा आणि उ. अजून लिहिते. चाळीस वर्षं झाली.” मग म्हणाल्या, “नीट लाव आता. मला अक्काकडे पोचायचंय.”

लावल्या. दोन्ही चाकं फिरवून बघितली, या वेळी पुढच्या दिशेने. उस्ताद दांडा रेटत होते. दोन्ही थांबली. मग दांडा तसाच रेटून धरला आणि चाकं मागे फिरवली. ती मोकळी फिरली. मग माधवने आवारातच जीप मागे घेतली, डबा मुकाट्याने मागे गेला. सर म्हणाले, “पोचलो की फोन करतो.” मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्तादांनी माधवला दोनदा लावला, लागला नाही.

“सरांना लावा,” मी म्हणालो.

“तू लाव.”

दोघांनीही लावला नाही. बाईंनी सरांना सांगितलं असणार असं मला वाटत होतं, आणि मी बाईंना सांगितलं हे उस्तादांना मी अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्रातलं जिल्ह्याचं पान वाचायचो. भोकर, हिमायतनगर, हदगाव. अपघाताच्या बातम्या होत्या. त्यात डबा नव्हता. काही झालं असतं तर कळलं असतं, असं स्वतःला सांगायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ते पान काढायचो. सेमिनार झाला. मी आकृती काढली, दोन्ही फोटो दाखवले, आणि चूक कुणाची होती तेही सांगितलं. मार्क बरे मिळाले. त्याचं मला काही वाटलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, मी एका ट्रॉलीच्या चॅनलला भोकं पाडत होतो. उस्ताद मोबाईल लांब धरून आले.

“इंजिनियर साब, हे तुला हाय.”

माधवचा निरोप होता. त्याचा फोन पोचल्या दिवशीच अक्कांच्या आडात पडला होता, उस्तादांचा नंबरही त्यातच होता, आता नवा घेतला होता. काकू आणि अक्का दिवसभर डब्यातच असतात, असं त्याने लिहिलं होतं. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बसवत नाही, म्हणून दोघी समोरासमोरच्या बिछान्यांवर पडून राहतात आणि काकू पाटीवर लिहून दाखवतात. काकू दिवाळीपर्यंत परत निघायचं नाव घेत नाहीत. तोपर्यंत टायर खराब होऊ नयेत म्हणून डबा विटांवर घेऊन चाकं आणि ड्रम काढून ठेवले आहेत. काकूंनी फोटो पाठवायला सांगितलाय, गजूला दाखवा म्हणाल्या.

फोटोत अक्कांच्या अंगणातली भिंत होती. भिंतीला दोन चाकं टेकवलेली, प्रत्येक चाकाजवळ त्याचा ड्रम. एका ड्रमवर पांढऱ्या खडूने मोठा ‘डा’ लिहिला होता, दुसऱ्यावर ‘उ’.

उस्तादांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “हे कुणाचं अक्षर?”

“बाईंचं.”

“त्यांना कसं ठाऊक?”

“मी सांगितलं होतं, उस्ताद. बाजेवर होत्या तेव्हा.”

त्यांनी मोबाईल बंद केला. मग चष्मा खिशात घातला, कपाटातून खडूची पेटी काढली आणि माझ्यासमोरच्या बाकावर ठेवली.